कोरा सूर्य

"मामा, जरा इकडे या. हे दोन फोटो बघा."

डोईफोडे मामा घुमटाची साखळी ओढून झाल्यावर हात पँटला पुसत आले. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी कॉम्प्युटरच्या पडद्यात डोकं घातलं. जवळचं त्यांना चष्म्याशिवायच नीट दिसायचं.

"कधीचे हायेत?"

"सतरा फेब्रुवारीचे. हा सकाळी आठ चाळीसचा, हा दहा वीसचा."

"त्या दिवशी हवा चांगली व्हती. पानी पाटीवानी पडलं व्हतं."

मी कळ दाबली. एक फोटो गेला, दुसरा आला. पुन्हा पहिला. सूर्याच्या पृष्ठभागावर दाणे दिसतात. पातेल्यात कण्या शिजत असाव्यात तसे ते खालवर होत असतात, आणि पाच-दहा मिनिटांत जुने विरून नवे येतात. दोन फोटोंमध्ये एक तास चाळीस मिनिटांचं अंतर होतं, त्यामुळे एकही दाणा ओळखीचा उरला नव्हता. पण दाण्यांमधल्या काळ्या फटींत जे बारीक पांढरे ठिपके होते, त्यांतले निम्मे जागच्या जागी होते. मी कळ दाबत राहिले. मागचं सगळं बदलत होतं आणि ठिपके खिळे ठोकल्यासारखे तिथेच.

"हे हालंनात," मामा म्हणाले.

"नाही हलत."

"मंग ते सूर्यावरले न्हाईत, ताई."

हे वाक्य मनाशी उच्चारायला मला दोन दिवस लागले होते. मामांना एक मिनिट लागलं.

मी तेव्हा एकोणतीस वर्षांची होते आणि पीएच.डी.चं सहावं वर्ष चालू होतं. आमची संस्था पुण्यात, पण तिची एक लहानशी सौर वेधशाळा बालाघाटच्या डोंगरांत, बोरवंड तलावाच्या मधोमध एका टेकडीवर होती. सूर्य बघायला पाणी जवळ असलेलं बरं. जमीन लवकर तापते, वरची हवा उकळायला लागते आणि प्रतिमा थरथरते. पाणी उशिरा तापतं. त्यामुळे सकाळी आठ ते साडेदहा आम्हाला सूर्य असा दिसायचा की पुण्यातल्या कुणाला सांगून पटू नये.

मी त्या ठिपक्यांवर काम करत होते. ठिपका म्हणायचा, पण एकेक दीडशे-दोनशे किलोमीटर रुंद. तिथे चुंबकीय क्षेत्राची एक बारीक दोरी पृष्ठभागातून उभी वर आलेली असते. तिच्या आत वायू विरळ असतो, म्हणून त्या जागी नजर जरा खोल जाते आणि खालचा जास्त तापलेला भाग दिसतो. ठिपका उजळ दिसतो तो त्यामुळे. काही मिनिटं जगतो आणि जातो. डाग नसलेल्या, शांत समजल्या जाणाऱ्या सूर्यावर असे किती ठिपके असतात, ते मी मोजत होते. चार महिन्यांच्या फोटोंवरून माझा आकडा आला होता तो इतरांच्या जवळजवळ दुप्पट. 'शांत सूर्य आपण समजतो तितका शांत नाही' हे माझ्या पेपरचं शेवटचं वाक्य होतं. माझे मार्गदर्शक हळबे सर ते वाक्य भेटेल त्याला ऐकवायचे.

पेपर परीक्षणाला गेला. एका परीक्षकाने खूप काही लिहिलं. दुसऱ्याने एकच ओळ लिहिली: हे ठिपके किती वेळ टिकतात?

मी प्रत्येक फोटोतले ठिपके वेगवेगळे मोजले होते. दोन फोटो एकावर एक ठेवून पाहिले नव्हते.

"कॅमेऱ्यावर धूळ असंल," मामा म्हणाले.

"धूळ कोऱ्यात निघून जाते ना."

कोरा हा मामांचा शब्द. इंग्रजी नाव वेगळं होतं, पण त्या टेकडीवर सगळे कोराच म्हणायचे. कॅमेऱ्याचे स्वतःचे डाग असतात. कुठे धुळीचा कण, कुठे एखादी जागा जरा मंद. ते पुसायला रोज एक असा फोटो लागतो ज्यात सूर्याचा उजेड आहे पण सूर्यावरचं काहीच नाही. त्यासाठी दुर्बीण सूर्याच्या मध्यावर नेऊन, तिची दोन्ही हातचाकं एकाच वेळी फिरवत तिला गोल गोल हलवत ठेवायचं आणि तेवढ्यात पन्नास फोटो घ्यायचे. पन्नासांची सरासरी काढली की दाणे एकमेकांत मिसळून जातात, उरतो तो फक्त कॅमेऱ्याचा डाग. मग दिवसभराच्या प्रत्येक फोटोला त्या कोऱ्याने भागायचं. भागाकार कॉम्प्युटर आपोआप करायचा. कोरा रोज पावणेआठला मामा काढायचे.

सहा महिन्यांत मी एकही कोरा उघडून पाहिला नव्हता. कोऱ्यात बघायचं काय असतं?

आता मी सतरा फेब्रुवारीचा कोरा पडद्यावर आणला.

"हा त्या दिवशीचा कोरा, मामा."

त्यांनी पाहिलं. "दाने दिसतेत."

कुणीही सांगितलं असतं. दाणे स्पष्ट, फटी काळ्या. अशा फोटोने दुसऱ्या फोटोला भागलं की जिथे कोऱ्यात काळं, तिथे उत्तरात उजळ येतं. दोन-तीन काळ्या फटी जिथे मिळतात तिथे एक छान गोल पांढरा ठिपका तयार होतो, आणि तो सकाळभर हलत नाही.

"तुम्ही चाकं फिरवली नव्हती?"

"न्हाई."

"त्या दिवशी?"

"दिवाळीपासनं न्हाई."

"का?"

मामा माझ्याकडे पाहत राहिले. मग चष्मा खाली ओढून म्हणाले, "ऊन भिंगावरनं सरकलं," आणि घुमट फिरवायला गेले.

मी ते अपराधी माणसाचं गप्प बसणं समजले.

दुपारी काठावरच्या बोरवंड गावात जाऊन एसटीडी बूथवरून हळबे सरांना फोन लावला. पेपर चुकीचा आहे हे सांगताना माझा आवाज नीट राहिला याचं मलाच नवल वाटलं.

"डोईफोडेंनी असं का केलं?" शेवटी त्यांनी विचारलं.

"काही बोलत नाहीत, सर."

"एकोणीस वर्षं तिथे आहे तो माणूस. कोरा कसा काढायचा ते मला त्यांनी शिकवलंय." मग म्हणाले, "पेपर रोखतो. विद्यापीठाकडे तुझ्यासाठी मुदतवाढ मागू. सहायकाच्या चुकीमुळे निरीक्षणं वाया गेली, असं लेखी दिलं तर सहा महिने मिळतील. पण त्यासाठी त्यांचा खुलासा लागेल, सहीनिशी."

"हो."

"गौतमी, त्यांना कायम करायची फाईल माझ्याच टेबलावर आहे. एकोणीस वर्षं रोजंदारी. या महिन्यात पुढे जाणार होती. असा खुलासा घेतल्यावर ती कशी पाठवू? सोमवारी येतो मी."

माझी शिष्यवृत्ती संपली होती. तीस जूनच्या आत प्रबंध द्यायचा होता, आणि पाच प्रकरणांपैकी तीन त्या ठिपक्यांवर उभी होती. दुसऱ्याच्या चुकीसाठी विद्यापीठ मुदतवाढ देतं, स्वतःच्या चुकीसाठी देत नाही. बूथमधून बाहेर पडताना मला मामांबद्दल वाईट वाटत होतं आणि सुटल्यासारखंही वाटत होतं. दोन्ही खरं होतं.

शुक्रवारी सकाळी मी घुमटात पोचले तेव्हा मामा दुर्बिणीशी उभे होते. दोन्ही हात चाकांच्या जवळ, पण चाकांवर नाही.

"मंग आजपासनं फिरवू ना, मॅडम?"

मला ते ताई म्हणायचे. मॅडम हा शब्द संस्थेतून येणाऱ्या पाहुण्यांसाठी होता.

"हे काय विचारणं झालं, मामा?" मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि चाकं फिरवायला सुरुवात केली. डावं हळू, उजवं जरा जलद, न थांबता. त्यांची नजर चाकांवर नव्हती, समोर भिंतीवर कुठेतरी होती. पन्नास फोटो झाले. मी तो कोरा लगेच उघडला. नुसता पांढरट करडा, दोन धुळीचे कण. अगदी कोरा.

दुपारी डबा आला. टेकडीवर जेवणाची सोय नव्हती. मामांच्या घरून, शेवंतामामींच्या हातची भाकरी यायची माझ्यासाठी. त्या दिवशीही आली, वांग्याचं भरीत आणि शेंगदाण्याची चटणी. मामा रोज समोर बसून जेवायचे. त्या दिवशी खाली पाण्याच्या पंपाशी जाऊन बसले.

शनिवारी, सरांना द्यायच्या टिपणात तारखा अचूक हव्यात म्हणून मी निरीक्षणांची वही काढली. जाड बांधणीची, निळ्या रेघांची. एका दिवसाला एक पान: तारीख, वेळ, हवेची प्रत एक ते पाच, काय काय पाहिलं, आणि खाली 'शेरा'. मामांचं अक्षर गोल आणि मोठं, शाळेत वळण लावल्यासारखं. पान भरून झालं की ते वही माझ्यापुढे धरायचे आणि मी खाली सही करायचे. बहुतेक वेळा डोळे पडद्यावर असायचे.

दिवाळीनंतरचं पहिलं पान नऊ नोव्हेंबरचं होतं. हवा पाच. शेऱ्यात लिहिलं होतं: 'केळुसकर मॅडमनी हातचाकांस हात लावण्यास मनाई केली. कोरा काढतानाही लावू नये, असे विचारल्यावर सांगितले. कोरा दुर्बीण स्थिर ठेवून काढला.'

केळुसकर म्हणजे मी. खाली माझी सही.

दहा नोव्हेंबर: 'कोरा स्थिर, मॅडमच्या सूचनेप्रमाणे.' सही. अकरा नोव्हेंबर, तेच. मी पानं उलटत गेले. तीन डिसेंबरला वाक्य जरा लांब होतं: 'कोऱ्याबाबत मॅडमना पुन्हा विचारले. त्या कॉम्प्युटरवर पाहून सांगणार आहेत.' सही. पुढे पुन्हा 'कोरा स्थिर.' जानेवारी, फेब्रुवारी, मार्च, एप्रिल, मे. एकशे बासष्ट पानं, एकशे बासष्ट सह्या. दर महिन्याच्या शेवटच्या पानावर 'पाहिले' असा एक शब्द आणि हळबे सरांची सही.

तोपर्यंत मला खरोखर आठवत नव्हतं. पान वाचलं आणि ती सकाळ जशीच्या तशी समोर आली.

पावसाळ्यानंतर तलाव काठोकाठ भरला होता. त्या सकाळी हवा अशी स्थिर होती की दाणे दगडात कोरल्यासारखे दिसत होते. असे क्षण वर्षात दोन-तीनदा येतात. मी फोटो घेत होते आणि अचानक प्रतिमा सरकली. मामांनी नेहमीच्या सवयीने चाकाला हात लावून सूर्य मध्यावर आणला होता. मी पुन्हा तीच जागा शोधेपर्यंत वीस मिनिटं गेली, आणि तोवर हवाही गेली.

"आजपासून चाकांना हात लावायचा नाही," मी म्हणाले होते. "मी असताना नाही, नसताना नाही."

"आन कोरा काढताना?"

"कधीच नाही म्हणजे कधीच नाही, मामा. किती वेळा सांगायचं?"

कोरा हा शब्द मी ऐकला तरी होता का, तेही सांगता येत नाही. मी रागात होते. दुसऱ्या दिवशी राग गेला, आणि त्याबरोबर सगळंच गेलं. डिसेंबरमधलं तर मला आजही आठवत नाही.

मी वही मिटून फळीवर ठेवली. तिची एकच प्रत होती. मामांनी लिहिलं होतं, मी आणि सरांनी सह्या केल्या होत्या, आणि वाचलं होतं फक्त मी, तेही आत्ता. सोमवारी सर आले तर वही मागणार नव्हते. मागायचं कारणच नव्हतं. मामांनी गुरुवारी तोंड उघडलं नव्हतं, सोमवारीही उघडतील असं वाटत नव्हतं. मला सहा महिने हवे होते.

शनिवारी मी सरांना फोन केला नाही. रविवारी सकाळीही नाही. सकाळभर टेबलाशी बसून जुनी प्रकरणं चाळत राहिले, एक ओळ बदलली आणि परत तशीच केली.

रविवारी दुपारी चारला उठले आणि बोरवंडला निघाले. मे महिना होता. तलाव इतका आटला होता की होडी अर्ध्यापर्यंतच जायची. पुढे चिखलातून दगडांवर पाय देत काठ गाठायचा.

शेवंतामामी ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या.

"या. डब्यात काई कमी पडलं का?"

"नाही, मामी."

"मला वाटलं तक्रार घिऊन आल्या. आजकाल पुन्याला लगेच फोन जातोय म्हनं."

"शेवंता," मामा आतून म्हणाले आणि बाहेर आले. मला बघून त्यांनी भिंतीला लावलेली खुर्ची पुढे ओढली. मी बसले नाही.

"मामा, मी वही वाचली."

"बरं केलं."

"तुम्ही मला का सांगितलं नाहीत? गुरुवारी मी तोंडावर विचारलं, का म्हणून. तेव्हा तरी."

"लिहिलं व्हतं की."

"तोंडाने सांगायचं होतंत."

मामा ओट्याच्या कडेला बसले. एक शेंग उचलून फोडली आणि दाणे सुपात टाकले. "नंतर तोंडानं काय, कुनी बी काई बी सांगतंय. त्या दिवशी त्या येळेला लिहिलेलं, ते खरं. तोंडानंच सांगायचं तर मंग वही कशाला घालायची?"

"मी यास्नी चार दिस झाले सांगते," मामी म्हणाल्या, "साहेबाला फोन करा, म्हना माजी चूक न्हाई. तर हे म्हनतेत, वहीत हाय. वही काय बोलतीय का?"

"वाचली की बोलतीय."

"एकोनीस वर्सांत कुनी वाचली?"

मामांनी आणखी एक शेंग फोडली.

"पण तुम्हाला माहीत होतं ना," मी विचारलं, "कोरा असा निघत नाही म्हणून?"

"मला वाटलं नवी रीत असंल. तुमी शिकलेल्या. कॉम्प्युटरवर काई करत असाल. म्हनून तर डिसेंबरात परत इचारलं. मंग न्हाई इचारलं. दोनदा इचारलं की बास झालं. मला बी मान हाय."

"राग आला असेल."

"आला की. शुक्रवारी हिला म्हनलं, डब्यात चटनी घालू नगं."

"आन मी घातली," मामी म्हणाल्या. "भरताबरोबर चटनी न्हाई तर खायाचं कसं? पोरगी उपाशी ठिवायची का?"

मला हसू आलं आणि लगेच रडू आलं. मी खुर्चीत बसले. मामींनी पाण्याचा तांब्या पुढे सरकवला.

"सोमवारी सर खुलासा लिहून घेणार आहेत तुमच्याकडून," मी जरा वेळाने म्हटलं. "तो दिलात तर फाईल थांबेल. माहीत आहे ना?"

"म्हाईत हाय. फाईल मला पायजे, ताई. खोटं कशाला बोलू. सकाळी उठून आज काम हाय का न्हाई ह्याचा इचार न करता जायचंय मला, चार-पाच वर्सं तरी." त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "म्या वही साहेबापुढं ठिवनार. वाचली तर वाचली. तुमी काय करायचं ते तुमचं तुमी बगा. म्या तुमाला काई म्हननार न्हाई."

ते मला ताई म्हणाले हे परतताना होडीत बसल्यावर लक्षात आलं.

सोमवारी सर अकराच्या सुमाराला पोचले. बूट चिखलाने भरले होते. घुमटाखालच्या खोलीत पंख्याखाली बसले, मामांनी चहा दिला. सरांनी पिशवीतून एक टाईप केलेला कागद काढला आणि तो टेबलावर सरळ करत राहिले. त्यांनाही तो पुढे सरकवायचा नव्हता.

मामा आत गेले, वही घेऊन आले आणि टेबलावर ठेवून हात मागे बांधून उभे राहिले.

"राहू दे ती," सर म्हणाले आणि चहाचा पेला तिच्यावर ठेवला. "डोईफोडे, बसा. मला हे करायला बरं वाटत नाही, पण..."

मामा बसले नाहीत. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. काल म्हणाले होते तसंच.

मी पेला उचलून बाजूला ठेवला. वही उघडली आणि नऊ नोव्हेंबरचा शेरा मोठ्याने वाचला. मग दहाचा. मग तीन डिसेंबरचा. मला वाटलं होतं वाचताना काही समजावून सांगावं लागेल, पण त्या वाक्यांना जोड द्यायची गरज नव्हती. मी पुढचं पान उलटलं.

"थांब," सर म्हणाले.

त्यांनी वही स्वतःकडे ओढली. एकेक पान उलटत नोव्हेंबरच्या अखेरीपर्यंत आले आणि तिथे बोट ठेवलं.

"पाहिले," त्यांनी स्वतःचं अक्षर वाचलं. डिसेंबरच्या अखेरीला गेले. "पाहिले." जानेवारीपर्यंत जाऊन त्यांनी वही मिटली.

मामा अजून उभेच होते.

"हे तुला कधी कळलं, गौतमी?"

"शनिवारी."

"आज सोमवार आहे."

"हो, सर."

टाईप केलेल्या कागदाच्या चार घड्या करून तो त्यांनी खिशात घातला. मग मामांकडे वळले.

"मामा, पहिल्याच दिवशी मला कळवायचं नाही का?"

"साहेब, मॅडम आल्या तवा तुमीच म्हनला व्हता, त्या म्हनतील तसं करायचं. आन आपलं डोकं चालवायचं न्हाई."

"असं म्हणालो होतो मी?"

"ते बी लिहिलंय. मागल्या वहीत."

सर हसले. मनापासून नाही, पण हसले. मग चष्मा काढून डोळे चोळले आणि मला म्हणाले, "मुदतवाढ मिळणार नाही."

"माहीत आहे."

"पेपर मी मागे घेतो. कारण जे आहे ते लिहितो, माझ्या सहीसकट. तीस जूनला किती दिवस आहेत?"

"बेचाळीस."

"कोरे टाकून दिलेस का?"

"नाही. पण त्यांत दाणे आहेत, सर. काय उपयोग?"

"प्रत्येकात वेगळे आहेत," सर म्हणाले.

मला समजायला तेवढं पुरलं. एका दिवसाच्या कोऱ्यात त्या दिवसाच्या दाण्यांचं चित्र. पण ते चित्र दुसऱ्या दिवशीच्या कोऱ्यात नाही. दहा दिवसांचे कोरे एकत्र करून सरासरी काढली की सगळे दाणे एकमेकांत मिसळतात. चाकं फिरवून जे दोन मिनिटांत होतं, ते दहा दिवसांनी झालं असतं. आणि तारीखवार कोणत्या दिवशी काच पुसली, कोणत्या दिवशी कॅमेरा काढून बसवला, हे शेऱ्यांमध्ये लिहिलेलं होतंच.

पुढचे पाच आठवडे मी तेच केलं. फोटो पुन्हा भागले, ठिपके पुन्हा मोजले. सकाळी मामा कोरा काढायचे आणि मी तो उघडून बघेपर्यंत दोघांपैकी कुणी पुढच्या कामाला हात लावत नसे. सरांनी फाईल त्याच आठवड्यात पुढे पाठवली. आदेश यायला गणपती उजाडले, पण आला. माझा प्रबंध सत्तावीस जूनला गेला. त्यात नवीन म्हणावं असं फारसं नव्हतं. तीन परीक्षकांनी तो 'काळजीपूर्वक केलेले काम' या एकाच शब्दप्रयोगाने स्वीकारला. पुढची नोकरी मिळायला दीड वर्ष लागलं, तीही दुसऱ्या विषयात.

प्रबंध बांधायला टाकण्याआधी, सगळा आकडा हातात आला त्या दिवशी, मी बोरवंडला मामांच्या घरी गेले होते. त्यांना सांगायला हवं होतं, आणि कसं सांगावं ते सुचत नव्हतं. सहा महिने त्यांनी पहाटे उठून घुमट उघडला होता, तेही त्या दुप्पट ठिपक्यांसाठीच.

मामा दारात सायकलचं चाक उघडून बसले होते.

"झालं का मोजून?"

"झालं."

"मंग किती ऱ्हायले ठिपके?"

"कमी झाले, मामा. जेवढे बाकीच्यांना दिसतात तेवढेच उरले. आपलं म्हणून वेगळं काही नाही."

"बाकीच्यांना म्हनजे?"

"परदेशात मोठ्या दुर्बिणी आहेत ना, बेटांवर, डोंगरांवर. त्यांना जेवढे दिसले तेवढेच."

मामांच्या हातातला पाना थांबला. "तेवढेच? बरोबर तेवढेच?"

"शंभराला दोन-तीनचा फरक. म्हणजे तेवढेच."

त्यांनी पाना खाली ठेवला, हात फडक्याला पुसले आणि उठून उभे राहिले. मी त्यांना असं ताठ उभं राहिलेलं कधी बघितलं नव्हतं. ते दारातून आत वाकले.

"शेवंता, आगं ऐकलं का? त्या मोठाल्या दुर्बिनींतनं जेवढे दिसतेत, तेवढेच आपल्याला बी दिसलेत."